सरकार पाडणाऱ्या माणसाच्या बायकोचं पत्र

धाकटा असून जन्मभर थोरल्यासारखा बोलणाऱ्या माझ्या भावास, गिस्बर्टास, ओटिलीताईचे आशीर्वाद.

तुझी कंबर, तुझे द्राक्षमळे आणि तुझी बायको, तिघंही ठीक असतील असं धरून चालते. (तिघांत कंबरेची काळजी जास्त वाटते. बाकी दोघं तुझ्याशिवायही उभी राहतील.) माझी शाळा सहावीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षरं वाकडी दिसली तर मान वाकडी करून वाच.

तू यायचा बंद झालास त्याला आज सहा रविवार झाले. चूक कोणाची हे मी सांगणार नाही, कारण तुझी आणि तुझ्या भावोजींची, दोघांची आहे आणि दोघंही गाढव आहात. रविवारी दुपारी बारा वाजता टीव्हीवर ती वर्तमानपत्रवाली पाच माणसं बसतात, वाइन पितात आणि देशाचं काय होणार ते सांगतात. तेवढ्यावर तुम्ही दोघांनी समाधान मानायला हवं होतं. पण नंतर प्रेक्षकांचे फोन घेतात ना, तिथे तुझी जीभ वळवळली. लघवीला जातो म्हणून उठलास, आमच्याच घराच्या बोळकांडीतल्या, आमच्याच फोनवरून तिथे फोन लावलास आणि सगळ्या देशाला सांगितलंस, की माझे मेहुणे आल्विन अकरा वर्षं दर रविवारी सरकार पाडतात, त्यांना जरा सांगा की ते अजून उभंच आहे. वर गावाचं नावही दिलंस. तो सूत्रसंचालक इतका हसला की त्याच्या पेल्यातली वाइन सांडली. (तिथे वाइन ओतणारी मुलगी आहे ना, तिने लगेच येऊन पुसलं. त्या कार्यक्रमात काम करणारी तेवढी एकच.)

आता तुझे भावोजी. त्यांनी स्वयंपाकघरातून नरसाळं आणलं आणि तुझ्या पेल्यातली वाइन परत बाटलीत ओतली. तीही तुझ्याच मळ्यातली. मोझेल नदीकाठच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही, हे मला कळतं. थोबाडीत मारली असती तर तू जेवून गेला असतास. तू टोपी उचललीस आणि गेलास. सहा माणसांचं भाजलेलं मांस आम्ही दोघांनी बुधवारपर्यंत खाल्लं.

तेव्हापासून इथे काय चाललंय ते ऐक. बेकरीतली ती लांब नाकाची रोझविता त्यांना रोज विचारते, "काय आल्विनकाका, पाव सरकार पडायच्या आधी देऊ की नंतर?" चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींनी तर त्यांना मंत्रीसाहेब म्हणायला सुरुवात केली आहे. पण ते या चिडवण्याने खंगलेले नाहीत. समोरची खुर्ची रिकामी आहे म्हणून खंगलेत. जेवण अर्धं झालंय, आणि जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरचं चित्र बघतात. ते चित्र मी लग्नात आणलेलं, चाळीस वर्षांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मला म्हणाले, "ये, गिस्बर्टच्या जागेवर बस आणि बोल." मी बसले. त्यांनी पेन्शनबद्दल विचारलं. मी म्हटलं, या पाच जणांनी मिळून आयुष्यात एक बटाटा सोलला असेल का, ते आधी विचारा. "मुद्द्यावर ये, ओटिली." मुद्द्यावर आले, पण तोवर कोबी करपला होता. दुसऱ्या रविवारी मी शहाणपण केलं. म्हणतील त्याला "बरोबर आहे तुमचं" म्हणत गेले. चौथ्या "बरोबर"ला त्यांनी टीव्ही बंद केला, कार्यक्रम पाव तास बाकी असताना, आणि जाऊन आडवे झाले. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबांना बोलावलं. त्या माणसाला सगळ्यांचंच पटतं. मांस मात्र तीन वेळा घेतलं.

आता गेले तीन रविवार ते एकटेच दोन्ही बाजू चालवतात. स्वतःच्या खुर्चीतून सरकार पाडतात, मग उठून तुझ्या खुर्चीत जातात, तुझ्यासारखी तंगडीवर तंगडी टाकतात आणि म्हणतात, "भावोजी, तुम्हांला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही." मग परत आपल्या जागी. मी दारातून बघत असते. गेल्या रविवारी तू जिंकलास. दीड महिन्यात तेवढ्याच वेळी त्यांचा चेहरा जरा खुलला.

बाकी सगळं क्षेम. तुझ्या बायकोला सांग, तिचा लोणच्यातला मुळा माझ्यापेक्षा चांगला होतो. (एकदाच सांगेन.)

तुझी ताई,
ओटिली

ता. क. येत्या रविवारी साडेअकराच्या बसने ये. माफी मागू नकोस, तेही मागणार नाहीत. टोपी खुंटीला लाव आणि खुर्चीत बस. येताना वाइन आण, पण गेल्या खेपेची नको. ती आंबट होती.

आणखी एक ता. क. त्याच्यानंतरच्या मंगळवारी ट्रियरच्या इस्पितळात त्यांच्या हृदयाची झडप बदलणार आहेत. गिस्बर्टला फोनवर एक अक्षर सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. पत्राबद्दल काही बोलले नाहीत.

शेवटचं. आलास की तोंड पाडून बसू नकोस. आणि दया येऊन "भावोजी, पडेल हो सरकार" असं चुकूनही म्हणू नकोस. एकदा जरी त्यांचं ऐकलंस तरी त्यांना कळेल की मी लिहिलंय, आणि स्वतःची अवस्था किती वाईट आहे तेही कळेल. सरकार उभंच आहे म्हण, मोठ्याने म्हण, आणि वाद अर्धा टाकून संध्याकाळची बस पकड. मंगळवारी त्यांना रागातच आत जाऊ दे. ज्याचं बोलणं संपलेलं नाही तो माणूस परत येतो.