शिशाची धूळ

१२ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
भंगारवाल्या मालकाने शेड बंद केली आणि आता भावोजी जुन्या बॅटऱ्या घरीच फोडतात, हे वाचून मी हबकले. सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात नुकतंच शिकलो, की बॅटरीतल्या शिशाची धूळ कपड्यांवर, फरशीवर बसते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. मेंदूलाच धरते ती. आपली बबडी दोन वर्षांची झाली तरी बोलत नाही, सारखं पोट धरून रडते, असं तूच लिहिलंयस. लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण तिचं रक्त तपासून घे. रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.
तुझी धाकटी

३ जुलै
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
शिकायला गेलीस आणि विष आमच्याच घरात सापडलं होय तुला? आधी असंच वाटलं. तरी गेले. जवळच्या दवाखान्यात ही तपासणी होत नाही, मोठ्या इस्पितळात हेलपाटे घातले. शिसं निघालं गं, पुष्कळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घर ओल्या फडक्याने पुसा, येताजाता हात धुवा. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, हे त्यांना कोण सांगणार?
ह्यांना सांगितलं, तर हात धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. काम सोडलं तर चूल कशी पेटायची? गल्लीत घरोघरी हाच धंदा आहे. तुझ्या पुस्तकात उत्तर असेल तर कळव.
तुझी ताई

१४ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
उत्तर पुस्तकात नाही. तुझं पत्र आमच्या वर्गाच्या मॅडमना दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गरिबाला हात धुवा म्हणणं सोपं असतं, मालकाला शेड उघड म्हणणं अवघड." दोन्ही करायचं ठरलंय: हे काम घरांतून पुन्हा शेडमध्ये जावं म्हणून मॅडमनी तुझ्या पत्रावरून मालकाविरुद्ध आरोग्य खात्याकडे तक्रार केलीय. आरोग्य खात्याचं पथक गल्लीत येऊन सगळ्या मुलांचं रक्त तपासणार आहे. तू बायकांना गोळा कर. भावोजींना म्हणावं, दोष त्यांचा नाही. जिवाला जप.
धाकटी

९ ऑगस्ट
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
तक्रार आमच्या घरून गेली, हे मालकाला कळलं. ह्यांचं काम गेलं. हल्ली बाजारात हमाली करतात. गल्लीने आमच्याशी बोलणं टाकलं, आमच्यामुळे सगळ्यांच्या पोटावर पाय येणार म्हणून. पथक आलं त्या दिवशी एकही दार उघडेना. मी बबडीला घेऊन त्यांच्या टेबलापाशी एकटीच बसले. लाजेने मान वर होत नव्हती.
दुपार कलली तेव्हा शेजारीण आली, लेकरू कडेवर घेऊन. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, सुई फार दुखते का. तिचं पोर मीच मांडीवर धरलं. मग एकेक दार उघडत गेलं. शेडचं काय ते अजून ठरलेलं नाही.
बबडी अजून बोलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हरवलेलं सगळंच परत येईल असं नाही. सुट्टीत ये आणि तिच्याशी खूप बोल. ती ऐकते.
तुझी ताई