खंडेनवमीची बंदूक

शॅनन, आयर्लंड
९ मार्च २०२५

तीर्थरूप आबांस,
संग्रामचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही तिघं बरे आहोत. फोनवर तुम्ही नुसतं हां हां म्हणता आणि ठेवल्यावर शेजारच्या अस्मिताताईंना विचारता, काय म्हणाला हो पोरगा? म्हणून हे पत्र.

घरामागच्या जमिनीत ओक आणि बर्च लावले होते, त्यांची साल हरणांनी सोलून खाल्ली. कुंपण घातलं तर उडी मारून येतात. इथे हरणं भरमसाट वाढली आहेत, आवर घालायला परवान्याने मारावीच लागतात. शेजारचा डोनल म्हणतो रायफल घे. केतकीने नाक मुरडलं, पण रोज उघडी खोडं बघून तीही थकली. सैन्यात जन्मभर पोरांना नेमबाजी शिकवलेला बाप असताना मी दुकानदाराला कशाला विचारू? तुम्हीच सांगा, कोणती घेऊ.

तुम्हाला कायमचं इथे आणायचा अर्जही तयार करतोय. आई गेल्यापासून तुम्ही एकटे जेवता, मला इथे घास गोड लागत नाही. आधी दसऱ्याला राहून जा.

आपला आज्ञाधारक (निदान बंदुकीपुरता),
संग्राम


सातारा
२४ मार्च २०२५

चि. संग्राम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र वाचून दिवसभर मिशीला पीळ देत होतो. उगाच जड काडतुसाची थ्री-नॉट-एट घेऊन खांदा सुजवून घेऊ नकोस. तुझ्या हरणांना हलक्या काडतुसाची टू-फोर-थ्री पुष्कळ झाली. दुकानात डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव. डोळे उघडल्यावर दुर्बिणीतलं चित्र सरळ समोर आलं पाहिजे. मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक तुझी नव्हे, दुकानदार कितीही गोड बोलो.

दुसरं, नळी आखूड घे आणि तोंडाला आटे पाडलेली घे. त्यावर सायलेन्सर बसव. सिनेमातल्या गुंडांमुळे ती वस्तू बदनाम झाली आहे. आवाज काही नाहीसा होत नाही, कानठळ्या बसत नाहीत एवढंच. तिथे त्याला वेगळी परवानगी लागत असेल तर रीतसर माग, कारण काय म्हणून विचारलं तर बापाचे कान दाखव. आमच्या वेळी कानात कापसाचे बोळे घालायचो. तुझी आई शेवटच्या आठवड्यात काय बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही रे. तुझं तसं होऊ नये.

चि. सौ. केतकीस व माझ्या नातीस, स्वरांगीस आशीर्वाद. पत्र पाठवत जा, म्हाताऱ्याला तेवढंच काम.
तुझा,
आबा


शॅनन
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आबांस,
केतकीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचल्याचं अस्मिताताईंनी कळवलं. त्या दिवशी तुम्ही पाठमोरे होता, नंतरही कोणी तुम्हाला धड सांगितलं नाही. म्हणून मी लिहिते.

खंडेनवमीच्या सकाळी हे ऑफिसात होते. तुम्ही बंदुकीच्या तिजोरीची चावी मागितलीत, शस्त्राची पूजा करायची म्हणालात. रायफल आणि सायलेन्सरचा परवाना एकट्या यांच्या नावावर. दुसऱ्याच्या हातात चावीसुद्धा जाता कामा नये, म्हणूनच यांनी ती माझ्यापाशी लपवून ठेवली होती. तेही चुकलंच. पण सणाच्या दिवशी सासऱ्यांना नाही कशी म्हणू? मी दिली.

तुम्ही मागच्या पायरीवर पाट मांडलात, हळदकुंकू, बागेतली फुलं वाहिलीत. मग उजेडात बसून नळी पुसत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी कळवलं की अनोळखी माणूस बंदूक घेऊन बसलाय. गार्डांचं, म्हणजे इथल्या पोलिसांचं, सशस्त्र पथक आलं. ते ओरडत होते, बंदूक खाली ठेव. तुम्ही पुसतच होता. मी अनवाणी धावत मध्ये गेले, ऐकू येत नाही त्यांना, म्हणून किंचाळले. तेव्हा तुम्ही बंदूक पाटावर ठेवून वळलात आणि हसून त्यांच्यापुढे पेढ्यांची वाटी धरलीत. आबा, त्यांची बोटं चापावर होती. मला अजून झोप लागत नाही.

त्यांनी दोन्ही वस्तू नेल्या. चावी तुमच्याकडे कशी आली, हे त्यांच्या साहेबांना, सुपरिंटेंडंटना लेखी हवंय. मी खरं सांगणार आहे. वकील म्हणतो, माझ्यावर केस झाली तर डॉक्टर म्हणून माझी नोंदणी अडचणीत येईल. होऊ दे. तुमच्यावर आळ आला तर तुमचा अर्ज गेलाच. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. स्वरांगी रोज तुमच्याबद्दल विचारते, तेही इंग्रजीत. प्रेम आहे तसंच असू द्यावं.
केतकी


सातारा
२५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. केतकी हिस,
अनेक आशीर्वाद. सूनबाई, तुझ्या पत्राला उशीर झाला. साहेबांना माझं पत्र कधीच गेलं. विमानात बसण्याआधीच वकिलाकडून पत्ता घेतला होता. फौजी इंग्रजीत लिहिलं आहे की चावी मी तुझ्या पर्समधून न विचारता काढली, घरात कोणालाही माहीत नव्हतं.

ओरडून काही उपयोग नाही, मला ऐकू येत नाही. तू तिथे माणसं बरी करतेस, मी इथे वरणभात करतो. कोणाची नोकरी वाचवायची हे कळायला शहाणपण लागत नाही. मला यायचं होतं ग. फार यायचं होतं. बॅग अजून कपाटावर ठेवलेली नाही. पण आता तू वेगळं बोललीस तर दोघंही खोटे पडू. वडील माणसाचं एवढं ऐक.

संग्रामला सांभाळ. तुमची आठवण काढत बसलेला,
आबा


शॅनन
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आबांस,
संग्रामचा साष्टांग नमस्कार. काल निकाल लागला. केतकीवर केस नाही. चावी नीट न सांभाळल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, रायफल आणि सायलेन्सर परत मिळाले. मी विकून टाकणार आहे. हरणांनी खाल्लं तर खाऊ देत. तुमचा अर्ज आता कुठलाच वकील हातात घेत नाही. तीन जणांना विचारलं.

साहेब सभ्य माणूस. त्यांनी आम्हाला दोघांना बसवून चहा दिला आणि तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मग मला विचारलं की तुमचे वडील न विचारता दुसऱ्यांच्या वस्तू घेतात, हे खरं आहे का. केतकी बोलायला लागली होती. मी टेबलाखाली तिचा हात घट्ट दाबला, दुखेल इतका. आणि मी हो म्हणालो. आधीही एकदोनदा घेतल्या आहेत, असंही म्हणालो, कारण ते लिहून घेत होते आणि त्यांना ते पटत होतं.

केतकी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तुमच्याकडे लोभ मागायला मला तोंड राहिलेलं नाही. तरी मागतो.
तुमचा मुलगा,
संग्राम