बहिणीची गाडी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र काल मिळालं. वाचताना तुझा आवाजच कानात येत होता, एका दमात सगळं सांगून मोकळा होणारा. आमच्या कंपनीच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव लागलं, परीक्षा घेतलीच नाही, शिकवणी फुकट, आणि लायसन्स हातात पडलं की त्याच कंपनीत नोकरी. गणवेशाचं मापसुद्धा घेतलं म्हणे! तुझ्या खांद्यांना नीट बसेल असा शर्ट आईला आजवर सापडलेला नाही, बघू या यांना सापडतो का. पण शेवटी तू विचारलंयस, ‘ताई, तूच शब्द टाकला होतास ना?’ तिथे मी अडकले. नाही रे. मी कुणाकडेही शब्द टाकलेला नाही.

कुठली शाळा चांगली, हे तू मागे विचारलं होतंस. माझ्या मास्तरांच्या शाळेला शाळा म्हणणं म्हणजे तिचं कौतुकच. बाजारामागचं मैदान, एक पत्र्याची शेड आणि चारी बाजूंनी चेपलेला एक ट्रक. सुरुवातीला मास्तरांनी मला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही, गाडीखाली झोपवलं. हवेची टाकी कुठे, नळ्या कुठून कुठे जातात, ब्रेकचे लायनर झिजले की कसे दिसतात, सगळं बोट लावून दाखवायला लावलं. मी वैतागून म्हटलं, मला गाडी चालवायचीय, फिटर नाही व्हायचं. तर म्हणाले, "चालवायला कुणीही शिकवील गं, तू थांबवायला शिक." उतारावर मी लहान गिअर टाकायला विसरले की ते ओरडायचे नाहीत. गाडी थांबवायला लावून खाली उतरायचे आणि सरळ चालू लागायचे. मग भर रस्त्यात ते पुढे, मी ट्रक घेऊन गोगलगायीसारखी मागे, खिडकीतून डोकं काढून त्यांची समजूत काढतेय. लोक बघायला थांबायचे.

तुझी नवी शाळाही मी पाहिलीय. नव्या मुलांना चार शब्द सांगायला मला नेलं होतं. गार खोल्या, मऊ खुर्च्या, पडद्यावर रस्ता दिसतो आणि खुर्चीत बसून गाडी चालवायची. मी विचारलं, गाडीखाली उतरायचा खड्डा कुठे आहे? शिकवणारा म्हणाला, "आमच्या गाड्या वर्कशॉप बघतं, ड्रायव्हरनं कशाला हात काळे करायचे?" मुलं हसली. मग मी आणखी एक विचारलं. कंपनीच्या गाड्या तर आहेत तेवढ्याच आहेत, मग दर थोड्या दिवसांनी एवढे नवे ड्रायव्हर कशाला लागतात? त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

पहिली नोकरी धरताना पगार नंतर बघ, आधी वर्कशॉप बघ, असं मी आता कुणालाही सांगेन. मी मात्र रंग बघून भुलले होते. नव्याकोऱ्या दिसणाऱ्या गाड्या, दारावर मोठाली अक्षरं. मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळा डेपो कप्तान म्हणायचा. आडदांड माणूस, पण संत्रं सोलायचा तर एकेक शिर काढून, आणि अर्धं माझ्या हातावर ठेवायचा. बेसूर गायचा, तेही मोठ्यानं. ब्रेकची हवा कमी झाली की केबिनमध्ये एक भोंगा वाजतो. त्याला कप्तानांनी नाव ठेवलं होतं सासूबाई. "सासूबाई बोलल्या की मुकाट थांबायचं, उलट बोलायचं नाही," म्हणायचे.

पुढे पुढे आमच्या सासूबाई प्रत्येक उताराला बोलायला लागल्या. आम्ही तक्रार केली, पुन्हा केली. शेवटी फिटर आला. मला वाटलं, खाली जाऊन नळ्या तपासेल. तो केबिनमध्ये चढला, भोंग्याची तार ओढली आणि पकडीनं कापून टाकली. "घ्या, आता कटकट नाही." माझ्याकडे बघत नव्हता. कुणी सांगितलं, असं कप्तानांनी विचारल्यावर त्यानं नुसती हनुवटी वर केली, वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या काचेच्या केबिनकडे. कप्तानांनी गाडी बाहेर काढायला साफ नकार दिला. मग त्यांना वर बोलावलं. खाली आले ते सरळ गाडीकडे चालू लागले. मी पिच्छा पुरवला तेव्हा एवढंच म्हणाले, "घरात खाणारी तोंडं आहेत गं." मला दुसऱ्या गाडीवर टाकलं होतं. ते त्याच गाडीत चढले.

घाटातल्या अपघातात कप्तान गेले ते तू पेपरात वाचलंस. ड्रायव्हरचा डोळा लागला, असं छापलं होतं. भर दुपारी, आणि ज्या वळणावर ते मला पापणी लववू द्यायचे नाहीत, त्याच वळणावर! कप्तानांच्या बायकोनं मला धरून एकच विचारलं, "ते खरंच झोपले होते का?" तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही. फिटरची दुसऱ्या डेपोत बदली झालीय. मी कँटीनमध्ये शिरले की बोलणी थांबतात. परवा मुकादमानं उगाचच विचारलं, तुम्ही राहता त्या खोलीला कडी आतून नीट लागते ना?

आता हे सगळं आजच का लिहितेय ते ऐक. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी काचेच्या केबिनमधले साहेब फळांची पिशवी घेऊन माझ्या खोलीवर आले होते. अपघाताचे चौकशीवाले बोलावतील, म्हणाले, तुम्ही तर दुसऱ्या गाडीवर होतात, तुम्हाला काय माहीत असणार? मग त्यांनी तुझं नाव घेतलं. मी डेपोत ते कधीच कुणाला सांगितलेलं नाही. "शाळेत घेतलंय आम्ही त्याला. कप्तानची गाडी दुरुस्त होतेय, नवा रंग दिला की ओळखूसुद्धा येणार नाही. बहिणीची गाडी भावाला, घरच्या घरात!" आणि हसले. बारक्या, उद्या मी चौकशीला जाणार आहे. तार, पक्कड, काचेची केबिन, सगळं सांगणार आहे. तुझी जागा जाईल. रुसून बस, आईकडे माझ्या नावानं खडे फोड, मला चालेल. जागा गेली तर मी सुटकेचा निःश्वास टाकेन. मला धास्ती आहे ती नाही गेली तर त्याची. मी बोलल्यानंतरही त्यांनी तुला हसतमुखानं बोलावलं, पाठीवर हात ठेवला, घाटातल्या फेरीची किल्ली पुढे केली, तर हात पुढे करू नकोस. घरीच थांब. मी येईपर्यंत थांब, आणि मी आले नाही तरी त्या गाडीत चढू नकोस.

तुझीच,
ताई