अंगणात वाढवलेला क्रिओल

बायू तेशचा काठ, लुइझियाना
रविवार, प्रार्थनेनंतर

आदरणीय क्लोतीलमावशीस थिओफीलचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे आणि ह्यूस्टनची हवा, दोन्ही बरी असतील अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. लग्नाचं मात्र काही खरं दिसत नाही.

ओदेलीच्या बापाने, म्हणजे ओनेझीम गिलोरीने, अट घातली की जावई क्रिओलच हवा. मी म्हटलं, आहेच की मी! पणजोबा इथलेच, रक्तात फ्रेंच, आफ्रिकी, स्पॅनिश सगळी मिसळ, आणि गंबोचं भांडं मी चाटूनपुसून लख्ख करतो. म्हातारा म्हणाला, "जन्म कुठला?" ह्यूस्टन म्हटल्यावर त्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "या मातीत उगवतं ते क्रिओल," म्हणाला, आणि एक टोमॅटो माझ्या नाकासमोर धरला. (इथे टोमॅटोसुद्धा क्रिओल असतो, मावशी. मीच तेवढा उपरा!)

मी कसला गप्प बसतोय! पाद्रीबाबांना गाठलं. ते म्हणाले, शब्द मुळात पोर्तुगीजांचा, घरात वाढवलेला असा काहीसा अर्थ. इकडे जन्मलेल्या गुलामांच्या पोरांना म्हणायचे, मग गोऱ्यांनीही उचलला, आता जो तो त्यावर हक्क सांगतो. हे ऐकून ओनेझीम विचारात पडला. त्याचा कोंबडा टेक्ससहून आणलेला, पण याच अंगणात वाढला म्हणून सगळे त्याला क्रिओलच म्हणतात. "मग तूही ये राहायला," म्हणाला, "तुला वाढवतो."

तेव्हापासून मी वाढतोय. म्हातारा स्वतः ताट वाढतो, भेंडी टाकली की ओरडतो, कान धुतले का ते बघतो, अंधार पडला की झोपायला पिटाळतो. परवा दाराला पाठ लावून उंची मोजली. (एकेचाळिसाव्या वर्षी! कमीच भरली, तर बिचाऱ्याला जेवण गेलं नाही.) ओदेलीसाठी सगळं मुकाट्याने सोसलं गं. शेवटी आज चर्चमध्ये त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत जाहीर केलं, "हा आता पक्का क्रिओल. माझ्या घरात वाढलेला, माझा पोरगा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी ट्यूब घरी आल्यावर पेटली.

तुझाच (हे फार महत्त्वाचं आहे),
थिओफील

ता. क. मिळेल त्या गाडीने ये आणि चारचौघांत सांग की याला मी वाढवलंय.

ता. क. नको, थांब! तू तसं सांगितलंस की मी पुन्हा ह्यूस्टनचा.

ता. क. ओदेली आत्ताच डोकावून गेली. म्हणाली, "दादा, बाबा म्हणतात, माझ्यासाठी चांगला क्रिओल मुलगा शोधायचं आता तुझ्याकडे."