किमचीच्या फ्रिजमधला रिले

२४ नोव्हेंबर
आधी सगळ्यांची विचारपूस. बायको ओकबुनचे गुडघे: किमची घालून घालून दुखतायत. देगूला राहणारी आमची लेक दारे: सर्दी. नातू: दात येतोय. माझी घरी बियर बनवायची टाकी: ठणठणीत.
ओकबुननं तीन घरांची हिवाळ्याची किमची, कोबी-मुळ्याचं आंबवलेलं लोणचं, फ्रिजात गच्च भरली. आमची, दारेची, ओकबुनच्या बहिणीची. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला घरची बियर देईन, असं मी जाहीर केलं. ती म्हणाली, तोवर घर जागेवर राहू दे म्हणजे झालं.

२६ नोव्हेंबर
गॅसवर उकळणं बंद. टाकीत विजेची जबरी कॉइल बसवली. प्लग वितळला. हलका माल. प्लग काढून कॉइल कंट्रोलरमधून थेट बोर्डाला जोडली. आता कंट्रोलरला तापमान सांगायचं. त्यातला रिले वीज जोडतो, तोडतो. माणसानं निवांत बसावं.

२९ नोव्हेंबर
रिले इतका तापतो की हात लाववेना. त्याला अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी लावतात म्हणे, गार राहायला. उधळपट्टी. किमचीचा फ्रिज आहे की. मुळ्याच्या किमचीचा डबा काढून कंट्रोलर आत ठेवला. वायरीमुळे दार नीट लागत नाही; टेप मारला. ओकबुनला उद्या सांगेन.

३० नोव्हेंबर
सांगितलं नाही. तिला कसलासा जळका वास येतो म्हणे. वय. मुळ्याची किमची लपवायला जागा नाही, म्हणून खातोय. पोट बिघडलं.

२ डिसेंबर, सकाळ
मॉल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं, पाणी उकळून झालं. कंट्रोलरवर ‘बंद’ आलं. टाकी मात्र गुणगुणतेय. उरलेली उष्णता असणार. मेन स्विच पाडला असता, पण मग फ्रिजही बंद. किमचीची काळजी मलाही आहे.
आम्ही दोघं दारेकडे देगूला निघताना ओकबुन दारात थबकली. “दारेचे बाबा, ती टाकी अजून बोलतेय.”
बोलू दे, म्हटलं. एकटी पडणार आहे.

६ डिसेंबर
देगूहून परतलो. वास लिफ्टमध्येच आला. टाकी कोरडी, भिंत काळी. रिले आतून चिकटला होता. हुकूम बंदचा, वीज चालू. कॉइल फुटून मेन पडला, म्हणून घर वाचलं. उबदार स्वयंपाकघरात फ्रिज तेव्हापासून बंद. डब्यांची झाकणं फुगलेली, किमचीला धुराचा वास.
ओकबुननं टेप सोलला, कंट्रोलर हातात घेतला.
“यावर ‘बंद’ लिहून आलं होतं ना? घर पेटलं असतं तरी तुम्ही तेच वाचत बसला असता.”
कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि डबे रिकामे करायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर
ओकबुन बहिणीकडे, मोक्पोला. फोन उचलत नाही. दारेकडून कळलं, तिथं पुन्हा तीन घरांची किमची घालणं चाललंय: बहिणीची, दारेची, बहिणीच्या शेजारणीची.
मेन अजून चढवलेला नाही. भीती नाही, काटकसर.
मेसेज असा पाठवीन: ओकबुन, गुडघे कसे आहेत? इथं सगळं बंद आहे. या वेळी खरंच. दोन ओळी तरी लवकर लिही.