आईंचा निळा पियाला

६ ऑक्टोबर, सोमवार
फुटला! सासूबाईंचा निळा पियाला. धुताना हातातून निसटला आणि फरशीवर तीन तुकडे. आई अंगणात तंदुरापाशी होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. तुकडे फडक्यात गुंडाळले, तडक बाजार गाठला. आईंचा पियाला ज्यानं घडवला होता, त्याच म्हाताऱ्या कुंभाराकडे तसाच निळा मिळाला. आणून जागेवर ठेवला.
चाळीस वर्षं त्याच पियाल्यानं या घरातलं पीठ-तांदूळ मोजलं जातंय. सांगायचं धाडसच झालं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
पुलाव अळणी! हे म्हणाले, "आई, मीठ विसरलीस का गं?" आईंनी पुन्हा एक घास चाखून बघितला. नवा पियाला मोठा असणार — तांदूळ पियाल्यानं, मीठ मात्र मुठीनं. तांदूळ वाढला की मीठ कमी पडणारच. तेव्हाच बोलायला हवं होतं.

१० ऑक्टोबर
आजही सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आज नान खारट, तोंडात धरवेना. कमी पडतं म्हणून आई आता जास्त घालत असणार. माझ्यामुळे!
माझ्या थोरल्या जाऊबाई, सनोबरताई, तोंडावरच बोलल्या, "पुढच्या गुरुवारी मुनिसाची सोयरीक. मोडायचा नान बाजारातून आणू. पाहुण्यांपुढे शोभा नको." मुनिसा त्यांची लेक, आईंची पहिली नात. नान मोडला की सोयरीक पक्की, आणि या घरात तो नान कायम आईंच्या हातचा. माझ्या वेळीसुद्धा.
"आणा बाई," आई म्हणाल्या. "म्हातारीच्या हाताची चव गेली." हात कोरडेच होते, तरी पुसत राहिल्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आईंनी मला एकटीला गाठलं. "झुमरद, खरं सांग पोरी. माझं डोकं चळत चाललंय का?"
"काहीतरीच काय, आई!" म्हटलं मी. एवढंच. जीभ कशी झडली नाही माझी! पियाल्याचं एक वाक्य सांगितलं असतं तर त्या बाईला रात्री झोप लागली असती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
ठरलं. सांगायचंच. पण आधी बघावं म्हटलं, नवा नेमका किती मोठा.
लग्न होऊन आले तेव्हा आईंचं "दोन पियाले, अर्धा पियाला" मला कळायचं नाही. मी बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम केलेली, सगळं ग्रॅमवर! म्हणून तेव्हा पियाल्यात मावेल ते तराजूवर घालून लिहून ठेवलं होतं. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडलं. पीठ १५०, तांदूळ २२०, पाणी २५०.
नवा पियाला भरला. पीठ १५०. तांदूळ २२०. पाणी — २५०.
परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. थेंबाचा फरक नाही!
मी सुटले की. मग आईंचं मीठ का चुकतंय?

२२ ऑक्टोबर, बुधवार
आज कणीक मळताना आईंजवळ नुसती उभी राहिले. त्यांनी पिठात मीठ घातलं. पाणी घ्यायला वळल्या. परतल्या आणि पुन्हा मीठ घातलं.
या अल्ला, पियालाच मोठा निघाला असता तर!

२३ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "आईंचा पियाला मी फोडला. नवा मोठा आहे, म्हणून सगळं माप चुकतंय." सनोबरताई मला काय काय बोलल्या! बोलू देत. आई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं मेले, आधी नाही सांगायचं? मला वाटलं, माझंच डोकं गेलं!" आणि बाह्या सारून पीठ मळायला बसल्या. नान त्यांच्याच हातचा मोडला. छान झाला होता, सगळे म्हणाले.
पिठात मीठ मी आधीच मिसळून ठेवलं होतं. मिठाचा डबा लपवला होता.