पंचाहत्तर सेंटिमीटर रुंद कयाकबाबत चौथा अर्ज

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
तलाव व जलक्रीडा विभाग,
तळमजला, खोली क्र. ४ (बोळाच्या शेवटी)

विषय : शांत पाण्यासाठी निवडलेल्या पहिल्या कयाकला (एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीला) परवाना मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपली तीन उत्तरे, मजकूर एकच, तारखा निराळ्या.

महोदय,

१. मी पायांतील दोषानुसार बूट बनवणारा कारागीर आहे. एक पाय आखूड, टाच वाकडी अशी माणसे चौतीस वर्षे माझ्या दुकानात येत आहेत. आजवर एकालाही मी तुमचा पाय आमच्या बुटात बसत नाही, सबब घरी जा, असे सांगितलेले नाही. आपल्या कार्यालयाने मात्र नऊ महिने मला हेच सांगितले आहे.

२. परवाना माझ्या थोरल्या बहिणीसाठी हवा आहे. तिला पुढे ताई म्हटले आहे. ताईने तलावासमोरच्या धुलाई केंद्रात तीस वर्षे उभ्याने इस्त्री केली. तिच्या टेबलासमोर खिडकी होती. वाफेने काच धुरकट झाली की ती कोपराने पुसायची आणि पाण्याकडे बघायची. आता तिचा उजवा गुडघा वाकत नाही. एकदा त्या पाण्यावर निवांत बसून त्या खिडकीकडे बघायचे, एवढेच तिचे मागणे आहे. आपल्या नियम ११ प्रमाणे सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यास पहिला परवाना मिळत नाही. ताईला सत्तर पूर्ण होण्यास आजपासून एकोणीस दिवस उरले आहेत. पहिला अर्ज केला तेव्हा साडेनऊ महिने होते.

३. कयाक आम्ही डोळे मिटून घेतलेली नाही. बुटासाठी पावलाचा कागदी साचा काढतात, तसा मी ताईला खाकी कागदावर बसवून तिच्या बैठकीचा साचा काढला. उजवा पाय सरळ, पाठ टेकलेली. तो साचा घेऊन तीन दुकाने फिरलो आणि प्रत्येक कयाकमध्ये अंथरून पाहिला. पहिल्या दुकानदाराने पाच मीटर लांब, अठ्ठावन्न सेंटिमीटर रुंद, वरून बंद अशी कयाक गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ती फार वेगाने जाते म्हणाला. ताईने विचारले, "जायचंय कुठं एवढ्या घाईनं?" तिला आत शिरण्यासाठी गुडघा वाकवावा लागणार होता, म्हणून ती बाद झाली. शेवटी वरून उघडी, सपाट तळाची, तीन मीटर लांब व पंचाहत्तर सेंटिमीटर रुंद कयाक पसंत केली. ती हळू चालते. सहजी कलंडत नाही. ताईचा पाय तिच्यात सरळ राहतो.

४. आपल्या मंजूर यादीत फक्त अरुंद कयाक आहेत. कारण विचारता कळले की काठावरच्या रॅकचा कप्पा साठ सेंटिमीटरचा आहे. रॅक बदलता येत नाही, कारण त्याची नोंद कायम मालमत्तेत आहे. कयाक रोज घरी नेतो म्हटले, तर रॅकवर परत न आलेली कयाक परत आल्याची नोंद होऊ शकत नाही आणि म्हणून ती मुळात बाहेर सोडता येत नाही, असे तोंडी सांगण्यात आले. म्हणजे माणूस पाण्यावर कसा बसेल हे रॅक बनवणाऱ्या एका सुताराने ठरवले आहे. एका रविवारी माझ्या डोळ्यांदेखत तीन नवखी माणसे तासाभरात त्या अरुंद कयाकमधून पाण्यात पडली. आपल्या पहारेकऱ्याने नोंदवहीत तिघांच्या नावांपुढे "स्वतःचा निष्काळजीपणा" असे लिहिले. वाचून मला किळस आली.

५. दुसऱ्या अर्जाला मी ताईचा साचा जोडला होता. आपल्या आवक लिपिकाने तो जागेचा नकाशा समजून मोजणी शाखेकडे पाठवला. दोन महिन्यांनी तो "उत्तर दिशा दर्शविलेली नाही, चतुःसीमा अपूर्ण" असा शेरा घेऊन परत आला. मोजणी शाखेचा गोल शिक्का ताईच्या बैठकीच्या नेमका मधोमध आहे.

६. कयाक तपासणीसाठी म्हणून पाच महिने आपल्या बोळात पडून आहे. तपासायला कोणी आलेले नाही. बाकी सगळे येऊन गेले. पुढच्या भागात जुन्या फायली, मागे ओल्या छत्र्या, पाणी निचरायच्या भोकांत सिगारेटची थोटके, आणि बैठकीच्या पाठीला कोणीतरी चिकटवलेले चघळलेले च्युइंगगम. ते मी स्वतः नखाने खरवडून काढले. माझ्या दुकानात घामट मोजे आणि कुजके तळवे रोज हाताळावे लागतात, पण इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

७. गेल्या मंगळवारी ताई स्वतः आली. दोन तास थांबायला सांगितले आणि बोळात एक बाकही नव्हते. तिने फायली बाजूला केल्या आणि ती स्वतःच्याच कयाकमध्ये बसली. पाय सरळ, पाठ टेकलेली, साच्याबरहुकूम. आपले लिपिक म्हणाले, "आजी, उठा, ती तपासणीतली वस्तू आहे." ताई म्हणाली, "माझीच आहे रे. बसायला फार छान आहे. पाणी तेवढं हवं होतं." त्यांनी तिला हाताला धरून उठवले. दुसऱ्या दिवशी कयाकवर "बसण्यास सक्त मनाई" असा कागद डकवलेला मी पाहिला. नऊ महिन्यांत आपल्या कार्यालयाने तत्परतेने केलेले हे एकमेव काम आहे.

८. तरी विनंती की, एकोणीस दिवसांच्या आत परवाना द्यावा. ते शक्य नसल्यास, "रॅकचा कप्पा पंधरा सेंटिमीटरने कमी असल्यामुळे आपणांस पाण्यावर जाता येणार नाही", असे आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यावे व तो कागद ताईला घरी येऊन आपण स्वतः वाचून दाखवावा. आधीची तीन पत्रे मी तिला वाचून दाखवली. चौथे माझ्याने वाचवणार नाही.

आपला, नम्रपणा अजून कसाबसा सांभाळून असलेला,

(सही)
ताईचा धाकटा भाऊ, बूट कारागीर
दिनांक : ३ मार्च

सोबत :
१) ताईच्या गुडघ्याबाबत डॉक्टरांचा दाखला.
२) ताईच्या वयाचा दाखला.
३) रॅक व कयाक यांची मापे.
४) ताईच्या बैठकीचा साचा, शिक्क्यासह. शेऱ्याप्रमाणे उत्तर दिशा दाखवली आहे. त्या बाजूला तलाव आहे आणि ताईचे तोंड तिकडेच आहे.